वय सांगू, पण आधार कशाला?

राजारामपुरीच्या मेन रोडवर संध्याकाळी क्लास सुटले की सगळ्यांचे मोबाईल बाहेर येतात. त्यातल्या कुणी प्रौढांसाठीची साइट उघडली, तर बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो, 'तुमचं वय १८ पूर्ण आहे का?' 'हो'वर बोट ठेवलं की झालं काम. आठवीतल्या पोराचंही होतं!

ब्रिटनने हा प्रकार बंद केलाय. २५ जुलै २०२५ पासून तिथे चेहऱ्याचं स्कॅन, क्रेडिट कार्ड किंवा ओळखपत्र अशी काहीतरी खात्री द्यावी लागते. परिणाम? व्हीपीएन ॲप्सचे डाउनलोड एकदम वाढले. ऑक्टोबरमध्ये डिस्कॉर्डने सांगितलं, की वयाच्या तपासणीसाठी दिलेल्या सुमारे ७० हजार जणांच्या ओळखपत्रांचे फोटो हॅकर्सच्या हाती गेले असावेत.

आपल्याकडे आतापर्यंत भर राहिला तो साइट ब्लॉक करण्यावर. २०१५ मध्ये ८५७ साइट्स बंद करायला सांगितलं, ओरड झाली आणि काही दिवसांतच आदेश सैल झाला. २०१८ मध्ये उत्तराखंड हायकोर्टाच्या आदेशानंतर पुन्हा ८२७ साइट्सवर बंदी आली.

आता २०२३ चा डेटा संरक्षण कायदा येतोय. १८ वर्षांखालच्यांचा डेटा वापरायचा तर पालकांची खात्रीशीर संमती हवी, असं तो सांगतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. ही अट १८ महिन्यांनी लागू होईल. हा कायदा खास पॉर्न साइट्ससाठी नाही. पण मूल कोण हे ओळखायचं, तर वय सगळ्यांनाच विचारावं लागणार. त्यात आपल्याकडे कित्येक घरांत सिम वडिलांच्या नावावर आणि मोबाईल पोराच्या हातात!

थिएटरचा डोअरकीपर 'ए' सिनेमाला तोंड बघून आत सोडायचा किंवा हाकलायचा. कार्डाची झेरॉक्स ठेवून घ्यायचा नाही. ऑनलाइन तपासणीत भीती आहे ती या झेरॉक्सचीच. कोण काय बघतं याची यादी नावानिशी फुटली, तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

वयाची तपासणी नकोच, असं नाही. लहान पोरांना अडवायलाच हवं. पण साइटला फक्त 'वय १८ पूर्ण' एवढंच कळावं. नाव, पत्ता, आधार नंबर कळू नये. नव्या नियमांत पालकांची खात्री करण्यासाठी डिजिलॉकरसारख्या सेवेतून मिळणाऱ्या व्हर्च्युअल टोकनची सोय आहे. तीच पद्धत इथेही वापरता येईल. कायदा करताना ही अट आधीच घालावी लागेल. डेटा फुटल्यावर कोट्यवधींचा दंड झाला, तरी गेलेली अब्रू परत येत नाही.