मुलाला बालगृह, आईबापांना काय?

घरात व्यसन शिरले की मुलांचे काय होते, हे आपल्यापैकी कोणालाही सांगावे लागत नाही. सांगायला हवे ते शासनाला आणि न्यायव्यवस्थेला.

१. आज एकाच घराचे दुखणे चार दारांत वाटले जाते. मूल बालकल्याण समितीपुढे, नवराबायकोचा वाद कौटुंबिक न्यायालयात, मारहाणीची तक्रार पोलीस ठाण्यात आणि पिणारा बाप, गेलाच तर, व्यसनमुक्ती केंद्रात. ज्या आजाराने घर मोडले, त्याचा जाब यांपैकी एकालाही द्यावा लागत नाही.

२. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे २०१५चा बाल न्याय कायदाच सांगतो. मग त्याआधीचे उपाय कुठे आहेत? पालकांवर उपचार न करता मूल बालगृहात धाडले, तर व्यसन मोठ्यांचे आणि शिक्षा मुलाला, एवढाच त्याचा अर्थ होतो.

३. लंडनमध्ये २००८ साली न्यायाधीश निकोलस क्रायटन यांच्या पुढाकाराने अशा व्यसनग्रस्त घरांसाठी वेगळे न्यायालय सुरू झाले. मुलाच्या ताब्याचा खटला चालू असतानाच मनोविकारतज्ज्ञ आणि समाजसेवकांचे पथक पालकांवर उपचार सुरू करते. खटला चालवणारे न्यायाधीशच दर पंधरवड्याला पालकांशी, वकिलांशिवाय, समोरासमोर बोलतात. ब्रुनेल विद्यापीठाच्या २०१४च्या अभ्यासात इथल्या ४० टक्के मातांचे व्यसन सुटलेले आढळले; नेहमीच्या न्यायालयांत हे प्रमाण २५ टक्के होते. कायदा तोच होता. न्यायालयाची रीत बदलली आणि घरे सावरली.

४. हे व्यसनी पालकांचे लाड नव्हेत. सुधारणा झाली नाही तर तिथेही मूल परत मिळत नाही, कारण आईबाप सावरेपर्यंत बालपण थांबून राहत नाही. पालकाला खरी संधी आणि मुलाला वेळेत निर्णय, या दोन्हींना मिळूनच न्याय म्हणतात.

५. आपल्याकडे पाया तयार आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ३९ नुसार ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या व्यसनीला न्यायालय तुरुंगाऐवजी उपचारांना पाठवू शकते. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून उभे आहे. पण अमली पदार्थांचा तो कायदा दारूला लागू नाही, आणि आपली सर्वाधिक घरे पोखरली आहेत ती दारूनेच! गावोगावच्या बायकांनी मतदानात बाटली आडवी करून दारूची दुकाने बंद पाडली, शासन मात्र दारूवरच्या शुल्काने तिजोरी भरत राहिले. त्या पैशावर पहिला हक्क या घरांच्या उपचारांचा आहे.

६. म्हणून मागणी साधी आहे. निदान एका जिल्ह्यात कौटुंबिक न्यायालय, बालकल्याण समिती आणि जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग यांनी अशा घरांची प्रकरणे एकत्र हाताळावीत. महिला व बालविकास विभागाने त्यासाठी निधी द्यावा, उच्च न्यायालयाने देखरेख करावी. आणि आपण? आपल्या आमदाराला हा प्रश्न विचारावा, उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे. बालगृहातल्या मुलाला मत नाही, आपल्याला आहे.