घराची दुरुस्ती मागच्या दारापासून

मंडळी, या विकांताचा विषय अगदी घरगुती आहे. मार्च उजाडला, बोनसचा आकडा कळला, की गावाकडून शहरात आलेल्या आमच्यासारख्या आयटीवाल्यांच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागतो. 'यंदा गावचं घर नीट करून टाकू!' मग मोबाईलवर एलिव्हेशनचे फोटो फिरायला लागतात, भावाभावांत फोन होतात, ठेकेदार एक कागद पाठवतो. मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आत, काम उरकायचं असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गावच्या घराची दुरुस्ती मागच्या दारापासून सुरू करावी. आणि काय करायचं ते त्या घरात वर्षाचे तीनशे पन्नास दिवस राहणाऱ्या माणसाने ठरवावं. आपण दहा-पंधरा दिवसांचे पाहुणे. पैसे आपले असले, तरीही.

आमचं गाव पोंभुर्णा. चंद्रपूर जिल्ह्यातला, मूल, गोंडपिपरी आणि बल्लारपूरच्या मधला धानाचा तालुका. जुनी घरं अजून बरीच मातीची. हातभर जाडीच्या भिंती, वर सागाची मयाल आणि फाटे, त्यावर कवेलू. समोर सपरी, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर आणि मागे वाडी. वाडीत विहीर, न्हाणी, आणि पार टोकाला संडास. अशा घराला सरकारी कागदावर 'कच्चं' म्हणतात. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ मध्ये आली, तेव्हा सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर असा हिशोब होता. ज्यांच्या डोक्यावर धड छप्पर नव्हतं, त्यांच्यासाठी ही मोठीच गोष्ट. पण त्या 'कच्चं' शब्दाचा एक परिणाम असा झाला, की साठ-सत्तर वर्षं उभ्या असलेल्या घराचीही पोरांना लाज वाटायला लागली.

आता लगेच कुणी म्हणेल, 'झालं, याला मातीच्या घराचा उमाळा आला.' नाही हो. मातीचं घर म्हणजे काम असतं. दरवर्षी पावसाच्या आधी कवेलू फेरायचे, आणि ते फेरणारी माणसं आता मिळत नाहीत. वांदरं एका उडीत पंचवीस कवेलू फोडतात. उधई लागते. सारवण आणि लिंपण कोण करतं? घरातली बाई. साठीनंतर तिचे गुडघे काय म्हणतात, ते सारवण न करणाऱ्याने सांगू नये. तेव्हा बदल हवाच. प्रश्न एवढाच, की कुठला बदल आधी.

आमच्या घरासाठी आलेला कागद मी नीट वाचला. सपरी बंद करून तिचा हॉल. वर स्लॅब. हॉलला पीओपीचं छत. समोरच्या भिंतीला टाइल्स, स्टीलचं रेलिंग, मोठं फाटक. एका बेडरूमला जोडून बाथरूम (ही खोली आम्ही येऊ तेव्हा आमच्यासाठी!). आणि मागची वाडी जेसीबीने साफ करून तिथे गट्टू.

या यादीत आई कुठे होती? कुठेच नव्हती.

बाबा गेल्यापासून आई एकटी राहते. दिवाळीच्या सुट्टीत मी एक उद्योग केला होता. आपण प्रोग्रॅम कुठे अडतो ते बघायला आधी मोजमाप घेतो ना, तसं एक दिवस नुसतं बसून मोजलं. समोरचं दार दिवसभरात पाच वेळा उघडलं. मागचं दार सत्तावीस वेळा. पाणी, भांडी, कपडे, गोडलिंब तोडायला, सांभार खुडायला, राख टाकायला, न्हाणीत, संडासला. त्यातल्या दोन खेपा रात्रीच्या. आणि ठेकेदाराच्या कागदातला जवळजवळ सगळा पैसा समोरच्या दाराला!

यात जीवाची जोखीम आहे, म्हणून मी एवढं लांबण लावतोय. आमच्या ओळीतल्या एका काकूंचा दोन वर्षांपूर्वी रात्री न्हाणीकडे जाताना पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांच्या घराच्या समोर चकचकीत ग्रॅनाइट होतं. मागे एक बल्ब नव्हता. शिवाय आमचा जिल्हा ताडोब्याचा. बिबट्या कुत्र्यांच्या, कोंबड्यांच्या मागे वस्तीपर्यंत येतो. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायकांना वाघाने एकाच दिवशी मारलं. ते जंगलात घडलं, हे खरं. पण ज्या मुलखात असं घडतं, तिथल्या बाईला रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन वाडीच्या टोकाला जावं लागत असेल, तर आधी संडास घराला जोडायचा की आधी पीओपी, हा काय चर्चेचा विषय आहे?

आता विणकामाकडे येतो. (दुरुस्तीच्या लेखात लोकर कुठून आली, असं वाटलं असेल. थांबा जरा.)

आई दुपारी दोन ते चार सपरीत बसून विणते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ च्या पुढे जातो म्हणून लोकांना वाटतं, इथे स्वेटर कोण घालणार! पण डिसेंबर-जानेवारीत धानाच्या बांधावरून वारा सुटला की कळतं. सध्या माझ्या मुलीसाठी स्वेटर चालू आहे, दोन सुलट दोन उलट. लोकर नवी नाही. माझाच शाळेतला निळा स्वेटर तिने उसवला, लोकर गुंडाळून लडी केली, धुतली, वजन बांधून वाळत टाकली म्हणजे वळ्या जातात, आणि पुन्हा सुयांवर चढवली. माप कसं घेतलं? व्हिडिओ कॉलवर मुलीला उभं करून, माझ्या बायकोच्या विताने. खांदा किती, बाही किती, आणि 'पोर वाढती आहे, दोन बोटं जास्त धर'. पाठ विणून झाली की पुन्हा फोन, पुन्हा माप. जमलं नाही तर चार ओळी उसवायच्या.

जो घालणार, त्याच्या अंगावर माप. साधा नियम आहे. चारशे रुपयांच्या स्वेटरला आई जो नियम लावते, तो आठ लाखांच्या घराला आपण लावत नाही.

सपरी बंद करायचा बेत तिला सांगितला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सपरी बंद करून रायले, मंग मी बसू कुठी? टाके दिसतीन काय मले आत?" झालं. हॉल रद्द. त्या एका वाक्यात उजेड होता, वारा होता, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणं होतं, आणि एकट्या माणसाची अख्खी दुपार होती.

आपल्या धंद्यातली एक गंमत सांगतो. आपण उठसूट 'डिझाइन पॅटर्न' म्हणतो. १९९४ साली आलेल्या त्या चौघांच्या पुस्तकाने हा शब्द आपल्याकडे रुळवला. पण त्यांना ही कल्पना मिळाली एका वास्तुशिल्पीकडून. त्याचं नाव ख्रिस्तोफर अलेक्झांडर (१९३६-२०२२). १९७७ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २५३ पॅटर्न्सचं एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात एक पॅटर्न सांगतो, की सहा फुटांपेक्षा कमी खोल बाल्कनी कुणी फारशी वापरत नाही. दुसरा सांगतो, की खोलीला दोन बाजूंनी उजेड हवा. आमच्या सपरीला हे दोन्ही आधीपासून आहे. अलेक्झांडरचा मुख्य आग्रह मात्र वेगळाच होता. घराची रचना त्यात राहणाऱ्यांनी करावी. १९७५-७६ च्या सुमारास मेक्सिकोतल्या मेहिकाली इथे त्याने काही कुटुंबांना बरोबर घेऊन त्यांची घरं तशी बांधलीही. आपण त्याचा शब्द उचलला आणि आग्रह तिथेच सोडला!

वाडीचंही तेच. वाडी साफ करायला हवी, यात वाद नाही. पावसाळ्यानंतर घाणेरी आणि गाजर गवत कमरेएवढं माजतं. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची साथ आली होती. तो ताप झुडपा-गवतातल्या बारीक किड्याच्या अळीपासून येतो. जंगलालगतच्या गावांत वनखातंही सांगतं, की घराभोवतीची झुडपं काढा आणि उजेड ठेवा. पण जेसीबीला घाणेरी आणि तरोटा यातला फरक कळत नाही. पुण्यात वाढलेल्या माझ्या मुलीलाही कळत नाही, आणि खरं सांगायचं तर तुमच्यातल्या निम्म्यांना कळणार नाही. पहिल्या पावसानंतर उगवणारा तरोटा म्हणजे फुकटची भाजी. मुंगन्याचं झाड म्हणजे शेंगा आणि पाला. कोपऱ्यातलं बांबूचं बेट म्हणजे वास्ते, मांडवाचे खांब, वेलाला आधार. शिवाय २०१७ च्या अखेरीस वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वनाबाहेरचा बांबू वगळला गेला, तेव्हापासून तो विकणंही सोपं झालंय. सगळं खरवडून गट्टू लावले, की उन्हाळ्यात तापलेली भट्टी आणि पावसात विहिरीत मुरायच्या ऐवजी रस्त्यावर वाहून जाणारं पाणी.

तेव्हा वाडी विळ्याने साफ करा, माणूस लावून. आणि आई खुर्ची टाकून समोर बसलेली असताना. ती बोटाने दाखवेल, हे ठेव, ते काढ. आमचं काम दोन दिवसांत झालं.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. आईलाच स्लॅब हवा असेल तर? असू शकतो. आळीत सगळ्यांची घरं पक्की झाली, आपलंच कवेलूचं राहिलं, हे तिलाही टोचतं. गावात मान असतो घराचा. अशा वेळी 'तुला कळत नाही, मातीचं घर थंड असतं' असं पुण्यातल्या एसीत बसून सांगणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. तिला हवा तर स्लॅब घाला. फक्त माहिती पूर्ण द्या. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. कवेलूंच्या फटींतून हवा निघून जाते आणि जाड मातीची भिंत ऊन उशिरा आत येऊ देते. स्लॅब घातलाच, तर वर पांढरा चुना किंवा पांढरा रंग मारा. अहमदाबादने २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतली छतं अशी पांढरी करायला घेतली होती. सपरी उघडी ठेवा. आणि जुनं सागवान ठेकेदाराला 'भंगारात' देऊ नका. बल्लारपूरच्या सागाची कीर्ती एवढी, की २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी तिथूनच लाकूड गेलं. तुमच्या छतातली मयाल कदाचित अख्ख्या नव्या फर्निचरपेक्षा महाग असेल. चौकटी, दारं, बंगई, काहीही करा तिचं. स्वेटर उसवतो तेव्हा आपण लोकर फेकत नाही.

आमचा क्रम असा ठरला. आधी स्वयंपाकघराला लागून न्हाणी-संडास, खरखरीत फरशी, भिंतीला धरायला दांडा. मग मागच्या दारापासून विहिरीपर्यंत दिवा आणि सपाट वाट. मग उभ्याने काम करता येईल असा ओटा, आईच्या कोपराच्या उंचीचा. मग छपराखाली पत्र्याचा थर, म्हणजे वांदरांनी कवेलू फोडले तरी पाणी आत नको. पैसे उरले तर सपरीची फरशी. एलिव्हेशन यादीत सर्वात शेवटी आहे, आणि बहुतेक तिथेच राहील.

माझा धाकटा भाऊ विचारतो, 'पण दादा, समोरून तर काहीच बदललेलं दिसणार नाही.' बरोबर आहे त्याचं. फोटो टाकण्यासारखं काही नाही यात. रात्री दोन वाजता लागणाऱ्या दिव्याचा फोटो कोण काढतो?

असो. या मार्चमध्ये तुमच्याही घरात असा एखादा कागद येईल. सही करण्याआधी एक सुट्टी घ्या, गावी जा, आणि मागचं दार दिवसभरात किती वेळा उघडतं ते मोजा.

बाकी पुढच्या शनिवारी.