लहान नकाशा मोठा करताना

पॅन्टोग्राफ म्हटले की आज बहुतेकांना विजेच्या आगगाडीच्या टपावरची, तारेला टेकणारी घडीची चौकट आठवते. मूळचा पॅन्टोग्राफ मात्र नकाशा काढणाऱ्याच्या टेबलावरचा. क्रिस्टोफ शायनर या जर्मन जेझुइट पंडिताने तो १६०३ च्या सुमारास बनविला आणि १६३१ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. बिजागरीने जोडलेल्या चार पट्ट्या व त्यांचा समांतरभुज चौकोन, एवढाच त्याचा संसार. एक बिंदू टेबलाला पक्का, दुसऱ्या जागी बोथट सुई, तिसऱ्या जागी पेन्सिल; तिन्ही एका सरळ रेषेत. सुई मूळ आकृतीवरून फिरवावी, पेन्सिल तीच आकृती ठरल्या प्रमाणात मोठी काढते. सुई-पेन्सिलीची अदलाबदल केली की मोठ्याचे लहान होते. शाळेतले समरूप त्रिकोण, दुसरे काही नाही.

या यंत्राचा जुना दंडक असा की मोठ्याचे लहान करावे, लहानाचे मोठे शक्यतो करू नये. लहान करताना हाताची थरथरही लहान होते. पाचपट मोठे करताना ती पाचपट होते. शिवाय मुळात नसलेला तपशील यंत्र आणणार कोठून? आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना हे लवकर पटावे. लाखांत छापलेल्या ताळेबंदावरून रुपये-पैशांची खतावणी परत लिहिता येत नाही.

आपल्या सीमाभागात मात्र उलटेच चालते. १९५६ ची राज्यपुनर्रचना झाली, १९६७ चा महाजन अहवाल आला, २००४ मध्ये दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. आपण भांडतो ते अजून भिंतीवरच्या नकाशावरून. दहा लाखास एक या प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची सीमारेषा जमिनीवर ५०० मीटर रुंद होते. कागल आणि कोगनोळीच्या दरम्यान ५०० मीटरांत किती बांध, किती विहिरी, किती उसाचे फड बसतील! पन्नास हजारास एक या नकाशावर तीच रेषा २५ मीटरांवर येते. गावनकाशात तर सर्व्हे नंबर दिसू लागतात. आणि गंमत अशी, की 'टिपण', 'आकारबंद', 'उतारा' हे शब्द इकडच्या कन्नड कागदांतही तेच!

खेडे हा घटक धरावा, हे महाराष्ट्राचे म्हणणे मला म्हणूनच पटते. पण मग खेड्याइतक्या जवळून पाहण्याची तयारी दोन्ही बाजूंची हवी. व्यासपीठावरचे वक्ते, मराठी असोत वा कन्नड, लहान नकाशाच मोठा करून दाखवितात; त्यातली रेषा कोणती आणि हाताची थरथर कोणती, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. टाळ्या मात्र थरथरीलाच अधिक पडतात.

भूगोल विभागाला माझी एक सूचना आहे. लाकडी पट्ट्यांचा पॅन्टोग्राफ फार खर्चाचा नाही. सीमाप्रश्नावर पुढची वादसभा ठरेल तेव्हा प्रत्येक वक्त्याने, मराठी विभागाच्या तसेच कन्नड विभागाच्या, आपल्या गावाचा गावनकाशा त्यावर लहान करून आधी फलकावर लावावा आणि मगच बोलावयास उभे राहावे. पट्ट्या आणि स्क्रू मी आणतो.