क्रू कुठे झोपतो?

चौथ्या रात्री झोप येईना, म्हणून मी पुढच्या जाळीवर जाऊन आडवी झाले. कॅटामरान म्हणजे दोन जुळ्या होड्या आणि त्यांना जोडणारा मधला भाग. अगदी पुढे, दोन टोकांच्या मधे, एक जाळी ताणलेली असते. इन्स्टावर सगळे जिथे पाय सोडून बसलेले दिसतात, ती. खाली ग्रीसमधल्या पोरोस बेटाजवळचं काळं, निवांत पाणी. दीड वाजला असेल. माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर डेकमधलं एक झाकण आतून उघडलं आणि आमची होस्टेस कमरेपर्यंत बाहेर आली. ती दचकली, मीही दचकले. "काही हवंय का?" तिने लगेच विचारलं. मी नाही म्हटलं. "आत फार उकडतंय," ती म्हणाली आणि झाकण उघडंच ठेवून परत खाली गेली.

चार दिवस मी त्या झाकणावर माझा ओला टॉवेल वाळत घालत होते.

दुसऱ्या दिवशी मी वाकून आत पाहिलं. होडीच्या पुढच्या टोकाला आपल्याकडे नाळ म्हणतात. त्या निमुळत्या नाळेत एक माणूस जेमतेम मावेल अशी फळी, वर पातळ गादी, आणि शिडीच्या पायाशी कमोड. म्हणजे झोपायची आणि संडासची खोली एकच. दार नाही, कारण बाजूने वाटच नाही. यायचं-जायचं ते वरून, झाकण उघडून. पाऊस आला, लाट अंगावर आली की झाकण बंद करायचं आणि आत उकडत पडायचं. बोट चालताना सगळ्यात जास्त आपटतं ते हेच टोक. दुसऱ्या नाळेत अशीच खोली, तिथे आमचा कप्तान. आम्हा आठ जणांच्या चार केबिन मात्र मागे आणि मधे, प्रत्येकीला स्वतःचं बाथरूम, एसी.

बोट बांधणाऱ्याला जागा कमी पडली, असं कुणी म्हणेल. साधारण 14 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद बोट होती ती. मुंबईत एवढ्यात दोन कुटुंबं राहतात. प्रश्न जागेचा नाही, भागाकाराचा आहे. चार केबिन, आठ पाहुणे, भाड्याचे आठ वाटे. एक केबिन क्रूला दिली की पाहुणे सहा उरतात आणि प्रत्येकाचा वाटा एक तृतीयांशाने वाढतो. कप्तान आणि होस्टेस एकमेकांचे कुणी नसतात, म्हणून दोघांना वेगळी केबिन द्यायची तर पाहुणे चार, वाटा थेट दुप्पट. 'वाटून घेतलं तर परवडतं' असं आपण ज्या सुट्टीबद्दल म्हणतो, ती परवडते कारण दोन माणसं नाळेत झोपतात. मोठ्या, महागड्या कॅटामरानवर क्रूसाठी बऱ्यापैकी केबिन असतात, हे खरं. पण आपल्यासारखे नोकरदार मित्र मिळून जी बोट घेतात, तिच्यावर सहसा नसतात.

आता या सुट्टीची जाहिरात आठवा. स्वातंत्र्य. वारा. शिडं. निसर्गाच्या लयीत जगणं. सात दिवसांत आमची शिडं चार वेळा उघडली, त्यातलं एकदा ड्रोन शूटसाठी. बाकी वेळ इंजिन, आणि नांगर टाकल्यावर एसीसाठी जनरेटर. यात कप्तानाचा दोष नाही. दुपारी हायड्राला पोचून जेवायचं आहे, असं आम्हीच ठरवलेलं होतं आणि वारा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नव्हता. हायड्राचं बंदर चिमुकलं. उशीर केला की जागा संपते आणि एकाच्या नांगराची साखळी दुसऱ्याच्या साखळीवर पडते. सकाळी निघताना तो गुंता सोडवायला कप्तान अर्धा तास उन्हात ओणवा होता. आम्ही कॉफी पीत ते बघत होतो. कुणीतरी त्याची रील केली.

निसर्गाची लय खरी कोण पाळतं, ते सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, कधी कधी दिवसचे दिवस. रात्री तो वाढला की नांगर घसरतोय का, हे बघायला कुणाला तरी जागं राहावं लागतं. पाहुण्यांना नाही. आणि जागलेल्या त्याच माणसाला सकाळी सुकाणू धरायचं असतं. होस्टेसचा दिवस पावाच्या शोधात किनाऱ्यावर जाण्यापासून सुरू होतो आणि आमचे शेवटचे ग्लास धुऊन संपतो. बहुतेक बोटींचा आठवडा शनिवार ते शनिवार. सकाळी जुने पाहुणे उतरतात, संध्याकाळी नवे चढतात, मधल्या तासांत चादरी, संडास, फ्रिज, डिझेल, पाणी. म्हणजे दोन आठवड्यांच्या मधली सुट्टी ही सुट्टी नसतेच. मोसम वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत चालतो.

कायदा नाही का? आहे. 2006 चा सागरी कामगार करार सांगतो की खलाशाला 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती मिळाली पाहिजे. पण त्याच करारात, आंतरराष्ट्रीय फेऱ्या न करणाऱ्या 200 ग्रॉस टनांखालच्या जहाजांना काही तपशील लागू न करण्याची मुभा देशांना ठेवलेली आहे. आमची कॅटामरान त्या 200 च्या आसपासही पोचत नाही. शिवाय तास मोजणार कोण? पाहुणे जागे आहेत तोवर काम चालू, हा न लिहिलेला करार. आणि पाहुणे सुट्टीवर आहेत.

माझ्या मित्रमंडळींचं म्हणणं मला पाठ आहे. त्यांना युरोत पगार मिळतो. त्यांनी स्वतःहून हे काम निवडलंय. बेटांवर पर्यटनाशिवाय दुसरं आहे काय? आपण गेलो नाही तर तेही जाईल. यातलं शेवटचं मला मान्य आहे, म्हणूनच जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण 'निवडलंय' या शब्दाने फार गोष्टी झाकल्या जातात. काम निवडणारा माणूस कमोडशेजारची फळी निवडत नाही. ती आपण निवडतो, स्वस्तातला पर्याय क्लिक करून.

आणि एक सांगायचं तर, आम्हाला हे खुपलं नाही याचं कारण ग्रीसमध्ये नाही. ते आमच्या घरात आहे. कामवाल्या मावशींचा कप वेगळा, बिल्डिंगमध्ये त्यांची लिफ्ट वेगळी, आणि तरी 'त्या आमच्या घरच्यासारख्याच' हे वाक्य तोंडावर. बोटीवर तिसऱ्याच दिवशी आमच्यातली एक म्हणाली, "क्रू किती गोड आहे ना, अगदी फॅमिली!" त्या फॅमिलीतल्या दोघांनी एकदाही आमच्या टेबलावर बसून जेवण केलं नाही. आम्ही बोलावलंही नाही. सवय सगळ्यांना होती, त्यांना आणि आम्हाला.

गंमत म्हणजे कॅटामरान हा शब्द आपल्याच बाजूचा. तमिळमध्ये कट्टुमरम, म्हणजे बांधलेलं लाकूड. चार-पाच ओंडके दोरीने बांधून कोरोमंडलच्या कोळ्यांनी समुद्रात घातलेला तराफा. आजची दोन होड्यांची रचना पॅसिफिक बेटांवरच्या नावांशी जास्त जुळते, पण युरोपियनांनी नाव उचललं ते या तराफ्याचं. त्या तराफ्यावर पाहुणा नावाची जातच नव्हती. जो चढायचा तो वल्हवायचा.

आता टिपचं. भूमध्य समुद्रावर भाड्याच्या 5 ते 15 टक्के टिप द्यावी, असा संकेत आहे. ऐच्छिक म्हणतात, पण त्या धंद्यात सगळे ती धरूनच चालतात. म्हणजे मालक पगाराचा एक तुकडा आपल्या मर्जीवर सोडून देतो आणि मग क्रू आठवडाभर आपल्या मर्जीसाठी हसत राहतो. शुक्रवारी रात्री आमच्या ग्रुपवर हिशेब सुरू झाला. एकाने लिहिलं, शेवटचे दोन दिवस सर्व्हिस जरा स्लो होती. दुसऱ्याने लिहिलं, नाश्त्याला अंडी दोनदा थंड आली. आम्ही 5 टक्क्यांवर थांबलो. मी जाळीवरची रात्र पाहिली होती. तिची सर्व्हिस का मंदावली हे त्या आठ जणांत फक्त मला माहीत होतं. मी अंगठा वर केलेला इमोजी टाकला आणि झोपले.

शनिवारी तिने पाकीट घेतलं, न उघडता खिशात ठेवलं, सगळ्यांना मिठी मारली आणि माझा टॉवेल घडी करून हातात दिला. तो राहिला होता, म्हणाली.

बोट बुक करण्याआधी तिचा नकाशा मागता येतो. क्रूच्या खोलीचा फोटो मागता येतो. फक्त कप्तान घेऊन, त्याला खरी केबिन देऊन, स्वयंपाक आणि भांडी स्वतः करायची, असाही पर्याय सर्रास मिळतो. रात्री अकरानंतर आपले ग्लास आपण धुवायचे, हे कुणालाही न विचारता ठरवता येतं. आठाऐवजी सहा जणांनी जाता येतं. यातलं काहीच अवघड नाही. फक्त वाटा वाढतो.

मागच्या आठवड्यात ग्रुप पुन्हा जागा झाला. या वेळी क्रोएशिया, स्प्लिटहून, पुन्हा आठ जण. कुणीतरी कंपनीची लिंक टाकली, चार केबिनचे फोटो, एकेका उशीवर गुंडाळलेला टॉवेल. मी विचारलं, क्रू कुठे झोपतो?

बराच वेळ निळ्या टिका दिसत राहिल्या. मग एकीने लिहिलं, "अगं, त्यांचं वेगळं असतं काहीतरी."