ब्लॉकचेनमुळे भारतीय बँकांचा नफा वाढेल का?



आपल्यापैकी बहुतेक जण दर महिन्याला घरी पैसे पाठवतात. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ या वर्षात परदेशातून भारतात सुमारे ११८.७ अब्ज डॉलर आले. त्यातले १९.२ टक्के एकट्या अमिरातीतून गेले आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्राला मिळाला. या उलाढालीवर बँका कमिशन आणि चलनाच्या दरातला फरक कमावतात. म्हणून ब्लॉकचेनने बँकांचे काय होणार, हा प्रश्न आपल्या खिशाशीही जोडलेला आहे.

ब्लॉकचेन म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचे तर ही सामायिक खातेवही. तिची प्रत प्रत्येक सभासदाकडे असते, नवी नोंद ठरलेल्या नियमाने सर्वांच्या वहीत एकदमच होते आणि जुनी नोंद कोणा एकाला गुपचूप खोडता येत नाही. बिटकॉइन हा या तंत्राचा एक उपयोग झाला. बँका वापरतात ती वही खासगी असते आणि ठराविक सभासदांनाच खुली असते.

खर्च कुठे वाचतो?

समजा, नाशिकच्या एका बागायतदाराने दुबईला द्राक्षे पाठवली. न्हावा शेवाहून निघालेला माल काही दिवसांत जेबेल अलीला पोचतो, पण बिल ऑफ लेडिंग, इन्व्हॉइस आणि उगमाचा दाखला हे कागद दोन बँकांमधून कुरियरने फिरत राहतात. प्रत्येक बँकेत कोणीतरी ते तपासतो आणि एक अक्षर चुकले तरी ते परत येतात. हीच कागदपत्रे सामायिक वहीत असतील तर दिवसांचे काम तासांवर येते. आयसीआयसीआय बँक आणि दुबईची एमिरेट्स एनबीडी यांनी २०१६ मध्ये व्यापारी व्यवहार आणि पैसे पाठवणे या दोन्हींसाठी हा प्रयोग करून पाहिला. २०२१ मध्ये स्टेट बँकेसह पंधरा बँकांनी मिळून याच कामासाठी एक स्वतंत्र कंपनी स्थापन केली. एकच इन्व्हॉइस दोन बँकांत दाखवून दोनदा कर्ज उचलणारे अशा वहीत लगेच सापडतात. बँकेचा नफा कमिशनवर वाढतो तसाच बुडीत कर्ज कमी होण्यानेही वाढतो, आणि भारतात ही दुसरी बाजू फार महत्त्वाची आहे.

पण कमाईही जाते

ज्या कटकटीसाठी बँक कमिशन घेते ती कटकटच संपली, तर ग्राहक कमिशन का देईल? एका बँकेचा खर्च कमी झाला की ती दर उतरवते आणि बाकीच्यांनाही उतरवावे लागतात. बचतीचा मोठा भाग शेवटी ग्राहकाकडे जातो. भारतात याचे उदाहरण समोरच आहे, ते म्हणजे यूपीआय. तिच्यात ब्लॉकचेन नाही, ती एका मध्यवर्ती संस्थेमार्फत चालते. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना त्याच्याकडून शुल्क घेतले जात नाही. लोकांची सोय झाली, बँकांना मात्र त्यातून थेट उत्पन्न जवळपास काहीच नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये यूपीआय सिंगापूरच्या पे-नाऊशी जोडली गेली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये अमिरातीच्या यंत्रणेशी जोडणी करण्याचा करार झाला. म्हणजे पैसे पाठवण्यावरची बँकांची कमाई ब्लॉकचेन न येताही घटू शकते.

दोन धडे

पहिला धडा पंजाब नॅशनल बँकेचा. २०१८ मध्ये मुंबईच्या ब्रॅडी हाऊस शाखेतला तेरा हजार कोटींहून मोठा घोटाळा बाहेर आला. हमीपत्रे स्विफ्टवरून परदेशी जात होती, पण बँकेच्या स्वतःच्या संगणकात त्यांची नोंदच नव्हती. मार्च २०१८ च्या तिमाहीत बँकेने १३,४१७ कोटींचा तोटा दाखवला. सामायिक वही असती तर हे इतकी वर्षे लपले नसते. मात्र रिझर्व्ह बँकेने केलेला उपाय साधाच होता: अशी हमीपत्रे बंद करा आणि स्विफ्ट बँकेच्या मुख्य यंत्रणेशी जोडा.

दुसरा पीएमसी बँकेचा. एका बांधकाम समूहाची कर्जे हजारो खोट्या खात्यांआड लपवल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. आतल्याच माणसांनी खोटी नोंद केली तर ब्लॉकचेन ती खोटी नोंदच इमानदारीने जपून ठेवील.

शिवाय वही सामायिक असेल तर सगळ्यांनी यायला हवे. मेर्स्क आणि आयबीएमने उभारलेली ट्रेडलेन्स बंद करण्याची घोषणा २०२२ मध्ये झाली. पुरेसे सभासद आले नाहीत, हेच मुख्य कारण होते. खर्च पहिल्या दिवसापासून होतो, फायदा मात्र गर्दी जमल्यावर मिळतो. लहान सहकारी बँकांना हे ओझे सर्वांत जड जाईल.

आपण काय करावे?

एकंदरीत, ब्लॉकचेनमुळे बँकांना घबाड मिळणार नाही. व्यापारी कर्जातली फसवणूक आणि कागदांचा खर्च कमी झाला तर नफ्याला हळूहळू हातभार लागेल, तोही ज्यांचा कारभार आधीच स्वच्छ आहे त्यांनाच. आपल्यापुरते म्हणाल तर पैसे पाठवताना फक्त शुल्क पाहू नका, घरी नेमके किती रुपये पोचतील ते विचारा. ओळखीच्याने क्रिप्टोतून स्वस्तात पाठवतो म्हटले तर सावध राहा; भारतात २०२२ पासून त्यावरच्या नफ्याला ३० टक्के कर आहे. आणि आईवडिलांच्या ठेवी कुठे आहेत ते एकदा नीट बघा. एका बँकेत एका ठेवीदाराला २०२० पासून विम्याचे संरक्षण पाच लाखांपर्यंतच आहे. बँकेच्या जाहिरातीत ब्लॉकचेन हा शब्द आला म्हणून ती मर्यादा वाढत नाही.