कात्री खाली ठेवा!

१/ जुन्या राजकीय व्यंगचित्रांचे अनेक संग्राहक अंकातून चित्र कापून चौकटीत बसवतात आणि उरलेला अंक रद्दीत टाकतात. हे जतन नव्हे, इतिहासाचा शिरच्छेद होय.

२/ ‘मार्मिक’ १३ ऑगस्ट १९६० रोजी निघाला. महाराष्ट्र राज्य तेव्हा जेमतेम साडेतीन महिन्यांचे होते. तारीख आणि शेजारचा मजकूर गेला, की फटकारा कोणावर व का, हेच कळेनासे होते.

३/ मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर जपले आहे. कविता छापील उपलब्ध असूनही घर का जपले? निर्मितीला संदर्भ लागतो म्हणून. व्यंगचित्राचे घर म्हणजे त्याचा अंक.

४/ तेव्हा मित्रहो, सुटे कात्रण विकत घेऊ नका. पूर्ण अंक मिळवा, तारखेसह नोंदवा. मागणी थांबली, की कात्रीही थांबेल.