मायच्या तहानेवर ओरडणाऱ्यांनो

होय, माझी माय पाणी पिते. तहान लागते म्हणून पिते. पुढचं बोला!

आठवड्यातून दोनदा पहाटेच्या एस्टीनं मी तिला डायलिसिसला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेतो. काट्यावर उभी केली की आवाज येतो, ‘मावशी, चार किलो! किती ढोसलं पाणी?’ सगळा वॉर्ड बघतो. माय मान खाली घालते. मग मशीन लागतं. चार तासांत चार लिटर खेचायचे. तिसऱ्या तासाला तिला जांभया सुटतात, पोटऱ्यांत गोळे येतात, डोळ्यांपुढं अंधारी. बीपी धाडकन खाली. पळापळ. पाय वर करा, सलाईन लावा. म्हणजे काढलेलं पाणी पुन्हा आत! आणि वर शेरा : पेशंट ऐकत नाही.

मी डॉक्टर नाही. गोदामात हमाल आहे. पण वजनमापं मला कळतात.

मशीन फक्त रक्तातलं पाणी काढतं. मायच्या अंगातलं जादा पाणी बहुतेक रक्ताबाहेर, पायाच्या सुजेत, मांसात मुरलेलं. ते झिरपून रक्तात येईल तेव्हाच मशीनला सापडणार. विहिरीसारखंच आहे. झऱ्याच्या बेतानं उपसा, पाणी टिकतं. इंजिन लावून ओढा, तळ दिसतो. इथं आटतं ते रक्त. रक्त आटलं की बीपी कोसळतं, काळजाला पुरवठा होत नाही, त्याचा एखादा भाग बधिर पडतो. असं वारंवार झालं की काळीज कायमचं दुबळं होतं. आणि हे मुरलेलं पाणी रक्तात ओढून आणतात रक्तातली प्रथिनं. ती घटली की झरा मंद. म्हणजे खंगलेल्या माणसाला सगळ्यात हळू उपसायला पाहिजे. ही व्यवस्था त्यालाच सगळ्यात जोरात उपसते!

आता आकडे घ्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांचं पाणी तासाला किलोमागे १३ मिलिलिटरच्या वर ओढलं, त्यांच्यात मृत्यू जास्त आढळले. मायचं कोरडं वजन ४६ किलो. तेराच्या हिशेबानं तासाला सुमारे ६०० मिलिलिटर, चार तासांत २.४ लिटर. तुम्ही ओढता चार. किलोमागे जवळजवळ २२! हेच चार लिटर तेराच्या वेगानं काढायला पावणेसात तास लागतात. नाहीतर आठवड्याला तिसरी पाळी.

पण खाट चार तासांत रिकामी पाहिजे, दुसरा दारात उभा. तिसऱ्या पाळीला मशीन नाही. असतं तरी माझा तिसरा खाडा पडला की चूल नाही. मग गुन्हा पाण्याचा की घड्याळाचा?

आणि तहान? सलाईनच्या एका लिटरात ९ ग्रॅम मीठ असतं. तेवढं मीठ पोटात गेलं की अंग लिटरभर पाणी मागणारच. चटणी-सुकटावर भाकर खाणाऱ्याला ‘पाणी कमी प्या’ म्हणता. मीठ टाळून खायचं काय, हे सांगायला कुणाला वेळ आहे?

दोस्तांनो, १९६२ साली जगाला कळलं, की अमेरिकेत सिॲटलला सात जणांची समिती बसलीय. मशीनं थोडी, रोगी फार. कुणाला जगवायचं ते ठरवताना ती नोकरी, मिळकत, चर्चमधली हजेरी बघायची. १९७२ साली तिथं कायदा झाला आणि खर्चाचा मोठा भार सरकारनं उचलला. आपल्याकडं २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, गरिबाला पाळी फुकट. चांगलं झालं. पण ती समिती उठली नाही. ती घड्याळात जाऊन बसली!

काट्यापाशी ओरडणारा पोरगाही कंत्राटी. त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण त्याला घड्याळ बांधणाऱ्यांशी आहे.

आम्हाला दया नको. तिसरी पाळी द्या. ती मिळेपर्यंत तास वाढवा. एस्टीचं भाडं आणि बुडालेली मजुरी द्या. किलोमागे तासाला किती ओढलं, ते दर पाळीला पेशंटच्या कागदावर लिहा.

नाही लिहिलं तर मंगळवारी मीच लिहीन. वॉर्डाच्या भिंतीवर. कोळशानं.